ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम (जून १८२९ – ३१ जुलै १९१२) हे ब्रिटिश हिंदुस्थानातील सनदी अधिकारी, पक्षिशास्त्रज्ञ आणि भारतीय राष्ट्रीय सभेच्या (काँग्रेसच्या) संस्थापकांपैकी एक होते. शालेय पाठ्यपुस्तकांमुळे त्यांचे नाव परिचित आहे ते १८८५ सालच्या मुंबई अधिवेशनाच्या संदर्भात. त्याआधी सुमारे पंचवीस वर्षे त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा जो अभ्यास केला, त्याची व्याप्ती मात्र सामान्य वाचकाला फारशी ठाऊक नसते. त्या काळात आशियाई पक्ष्यांचा सर्वांत मोठा संग्रह त्यांच्या सिमल्याच्या घरात होता. 'स्ट्रे फेदर्स' हे पक्षिविषयक नियतकालिक त्यांनी स्वतः काढले आणि चालवले. उपखंडातील सर्व पक्ष्यांचा सविस्तर ग्रंथ लिहिणे हे त्यांचे जीवितकार्य ठरलेले होते. तो ग्रंथ कधीच प्रसिद्ध झाला नाही, कारण त्याचे हस्तलिखित रद्दीच्या भावाने विकले गेले.

प्रारंभीचे जीवन

ह्यूम यांचे वडील जोसेफ ह्यूम हे ब्रिटिश संसदेतील जहाल सुधारणावादी सदस्य होते. सरकारी खर्चाची काटेकोर चिकित्सा करण्यासाठी ते प्रसिद्ध होते. आईचे नाव मारिया बर्नली. ॲलन यांचे शिक्षण ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरी येथील महाविद्यालयात झाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयात त्यांनी वैद्यक व शस्त्रक्रियेचेही काही शिक्षण घेतले. १८४९ मध्ये ते बंगालच्या सनदी सेवेत दाखल झाले आणि आजच्या उत्तर प्रदेशातील इटावा येथे त्यांची नेमणूक झाली. १८५३ मध्ये मेरी ॲन ग्रिंडल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मारिया जेन ही त्यांची एकुलती कन्या.

इटावा आणि १८५७

१८५७ चा उठाव झाला तेव्हा ह्यूम इटाव्याचे जिल्हाधिकारी होते. परिस्थिती हाताबाहेर गेल्यावर त्यांना आग्र्याच्या किल्ल्यात आश्रय घ्यावा लागला. सुमारे सहा महिने ते तेथे होते. तोपर्यंत जमवलेला त्यांचा पहिला पक्षिसंग्रह या धामधुमीत नष्ट झाला. संग्रह गमावण्याची त्यांच्या आयुष्यातील ही पहिली वेळ.

इटाव्याला परतल्यावर त्यांनी जिल्ह्याची घडी पुन्हा बसवली. शिक्षेच्या बाबतीत ते त्या काळातील अनेक अधिकाऱ्यांपेक्षा सौम्य होते, याची नोंद त्यांच्या चरित्रकारांनी आवर्जून केली आहे. १८६० मध्ये त्यांना 'कम्पॅनियन ऑफ द बाथ' हा किताब मिळाला. जिल्ह्यात त्यांनी मोफत प्राथमिक शाळा काढल्या, बालगुन्हेगारांना तुरुंगाऐवजी सुधारगृहात ठेवण्याचा आग्रह धरला आणि दारूवरील करातून मिळणाऱ्या उत्पन्नाला उघड विरोध केला. १८५९ मध्ये कुंवर लक्ष्मणसिंह यांच्या सहकार्याने त्यांनी 'लोकमित्र' नावाचे देशी भाषेतील पत्र सुरू केले. पक्ष्यांचे नमुने गोळा करण्यास त्यांनी याच काळात पुन्हा आरंभ केला.

जकातीचे कुंपण आणि पक्ष्यांचे नमुने

१८६७ मध्ये ह्यूम अंतर्गत जकात विभागाचे आयुक्त झाले. मिठावरील कर चुकवला जाऊ नये म्हणून सरकारने सिंधू नदीच्या बाजूपासून मध्य भारतापर्यंत एक जकातरेषा आखली होती. तिची लांबी पुढे सुमारे चार हजार किलोमीटर झाली. तिच्या मोठ्या भागावर काटेरी झाडाझुडपांचे जिवंत कुंपण लावलेले होते. कोणत्या जमिनीत कोणते झुडूप टिकते याचे प्रयोग ह्यूम यांनी केले आणि ते कुंपण अधिक दाट व सलग केले. गरिबांच्या मिठावरचा हा कर पुढे राष्ट्रीय चळवळीचा मोठा विषय झाला. राष्ट्रीय सभेचे एक संस्थापक एके काळी याच कराची भिंत पक्की करीत होते, ही विसंगती नजरेआड करता येत नाही. रेषेची उपयुक्तता संपवणाऱ्या घडामोडींतही त्यांचा वाटा होता. राजपुतान्यातील सांभर सरोवराचे मीठ सरकारच्या ताब्यात आणण्याच्या वाटाघाटींत ते सहभागी होते. मिठाच्या उगमावरच कर घेणे शक्य झाल्यावर १८७९ मध्ये जकातरेषा रद्द झाली.

या नोकरीमुळे त्यांना उत्तर हिंदुस्थानात सतत फिरावे लागे. फिरतीवर पक्षी टिपणे, त्यांची कातडी सोडवून वाळवणे आणि प्रत्येकावर स्थळ, दिनांक व लिंग लिहिलेली चिठ्ठी बांधणे हा त्यांचा नित्यक्रम होता. १३ नोव्हेंबर १८६७ रोजी सतलज नदीच्या खोऱ्यात रामपूरजवळ त्यांनी वटवट्याच्या जातीचा एक लहान, तपकिरी, वरवर पाहता अगदी सामान्य वाटणारा पक्षी टिपला. त्याची चोच नेहमीपेक्षा मोठी होती. १८६९ मध्ये त्यांनी तो नवी जाती म्हणून नोंदवला. तसा दुसरा पक्षी पुढे कोणालाच मिळाला नाही आणि अनेक तज्ज्ञांनी ही जाती खरी की नेहमीच्याच एखाद्या जातीतील वेगळा दिसणारा पक्षी, अशी शंका घेतली.

सिमल्याचे संग्रहालय

१८७१ मध्ये लॉर्ड मेयो यांनी महसूल, शेती आणि व्यापार असे नवे खाते निर्माण केले आणि ह्यूम त्याचे सचिव झाले. सरकारचे उन्हाळी मुख्यालय सिमल्याला असल्याने त्यांचे वास्तव्य तेथे सुरू झाले. जाखू टेकडीवरील 'रॉथनी कॅसल' हे घर त्यांनी विकत घेतले आणि त्यावर मोठा खर्च करून पक्ष्यांसाठी स्वतंत्र दालन केले. कपाटांच्या रांगा, कप्प्यांमध्ये जातवार मांडलेली कातडी, अंडी आणि घरटी असे त्या खासगी संग्रहालयाचे स्वरूप होते. विल्यम रक्सटन डेव्हिसन यांना त्यांनी पगारी अभिरक्षक नेमले. डेव्हिसन यांनी तेनासरीमच्या (आजच्या म्यानमारच्या दक्षिण किनारपट्टीच्या) जंगलांत दीर्घकाळ राहून संग्रहात मोठी भर घातली.

सरकारी कामातून वेळ काढून ह्यूम स्वतःही मोहिमा काढत. १८७१-७२ च्या हिवाळ्यात ते सिंधमध्ये होते. १८७३ मध्ये भूशास्त्रज्ञ फर्डिनांड स्टोलिच्का यांच्यासमवेत ते अंदमान-निकोबार बेटांवर गेले. या मोहिमेतील सर्वांत लक्षणीय शोध नारकोंडम बेटावरील धनेशाचा होता. अंदमान समुद्रातील हे ज्वालामुखी बेट जेमतेम सात चौरस किलोमीटरचे आहे आणि हा धनेश जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही. ह्यूम यांनी त्याचे वर्णन त्याच वर्षी प्रसिद्ध केले. १८७५ मध्ये ते लक्षद्वीपला जाऊन आले.

त्यांची शेवटची मोठी मोहीम १८८१ मधील मणिपूरची. तेथील उंच गवतात राहणाऱ्या एका अनोळखी लाव्याचे नमुने मिळेनात, म्हणून त्यांनी मुक्काम एक दिवस वाढवला आणि माणसे लावून गवताचा मोठा पट्टा कापून काढला. पक्षी हाती आले. त्याला त्यांनी मणिपूरचे नाव दिले. ही जाती त्यानंतर फारच क्वचित दिसली. याच प्रदेशातील एका देखण्या फेजंटला त्यांनी आपल्या पत्नीचे नाव दिले. हा पक्षी आज मणिपूर आणि मिझोरम या दोन्ही राज्यांचा राज्यपक्षी आहे.

स्ट्रे फेदर्स

१८७२ मध्ये ह्यूम यांनी 'स्ट्रे फेदर्स' हे पक्षिशास्त्राला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. हिंदुस्थानातील पक्ष्यांवरचे लेखन तोपर्यंत कलकत्त्याच्या आणि लंडनच्या निरनिराळ्या विद्वत्पत्रांत विखुरलेले होते. दूर जिल्ह्यात एकट्या राहणाऱ्या निरीक्षकाला आपल्या नोंदी कोठे पाठवाव्यात हेही कळत नसे. ह्यूम यांनी अशा माणसांना हक्काची जागा दिली. कलेक्टर, लष्करी अधिकारी, रेल्वेचे अभियंते, चहामळ्यांचे व्यवस्थापक, पाद्री अशा सर्व प्रकारच्या लोकांशी ते पत्रव्यवहार करत, नमुने मागवत, ओळख पटवून परत कळवत आणि चुका झाल्यास कठोर शब्दांत दाखवून देत. १८७४ मध्ये त्यांनी पक्ष्यांचे नमुने गोळा करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक पुस्तिकाच प्रसिद्ध केली. आजच्या भाषेत याला हौशी निरीक्षकांचे जाळे म्हणता येईल. टपाल हेच त्याचे साधन होते.

महाराष्ट्राच्या पक्ष्यांविषयीचे आरंभीचे भरीव लेखन याच नियतकालिकात आले. अहमदनगर भागात काम करणारे अमेरिकन मिशनरी एस. बी. फेअरबँक यांनी १८७६ मध्ये खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि अहमदनगर परिसरातील पक्ष्यांची यादी दिली. १८७८ मध्ये डेव्हिडसन आणि वेन्डन यांचा दख्खनच्या पक्ष्यांवरील लेख आला, तर १८८० मध्ये जी. डब्ल्यू. व्हिडाल यांनी दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली यादी प्रसिद्ध केली. रत्नागिरी वा धुळे भागात आज पक्षी मोजणाऱ्या कोणालाही दीडशे वर्षांपूर्वीच्या स्थितीशी तुलना करायची झाली, तर या पानांकडे वळावे लागते.

ह्यूम यांची लेखणी धारदार होती. युरोपातील संग्रहालयांत बसून, पक्षी जिवंत न पाहता, केवळ कातड्यांवरून निष्कर्ष काढणाऱ्या पंडितांवर ते तुटून पडत. जर्मन तज्ज्ञ ओटो फिन्श यांच्या पोपटांवरील ग्रंथाची त्यांनी कडक झाडाझडती घेतली. गंमत म्हणजे तेनासरीमकडील करड्या डोक्याच्या पोपटाचे वर्णन करताना त्याला फिन्श यांचेच नाव त्यांनी दिले. नव्या जाती जाहीर करण्यात ते घाई करत, असाही आक्षेप त्यांच्यावर घेतला जाई आणि त्यात तथ्य होते. त्यांनी वर्णिलेल्या अनेक जाती पुढे उपजाती ठरल्या. भारतीय पक्षिशास्त्राचे 'पोप' हे त्यांना मिळालेले टोपणनाव आदराचे होते तितकेच टोमण्याचेही.

'स्ट्रे फेदर्स'खेरीज त्यांची दोन कामे महत्त्वाची आहेत. 'नेस्ट्स अँड एग्ज ऑफ इंडियन बर्ड्स' (१८७३-७५) हा घरटी आणि अंड्यांविषयीचा ग्रंथ त्यांनी कच्चा मसुदा म्हणूनच छापला होता. वाचकांनी त्यात भर घालावी आणि मग सुधारित आवृत्ती निघावी अशी त्यामागची योजना होती. सी. एच. टी. मार्शल यांच्यासह लिहिलेला 'द गेम बर्ड्स ऑफ इंडिया, बर्मा अँड सिलोन' (१८७९-८१) हा तीन खंडांचा सचित्र ग्रंथ शिकारीच्या पक्ष्यांपुरता मर्यादित होता. मुख्य ग्रंथाची ही दोन्ही पूर्वतयारी होती.

सचिवपदावरून उचलबांगडी

शेती खात्याकडून ह्यूम यांच्या अपेक्षा मोठ्या होत्या. प्रत्यक्षात खाते महसुलाच्या ओझ्याखाली दबले आणि शेती सुधारणेसाठी पैसा मिळाला नाही. शेतकऱ्यांचे कर्जबाजारीपण, जमिनीचा घटता कस आणि सरकारची उदासीनता यांवर ते सडेतोड लिहीत. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत वरिष्ठांशी त्यांचे मतभेद विकोपाला गेले. १८७९ मध्ये त्यांना सचिवालयातून हटवून अलाहाबादच्या महसूल मंडळावर पाठवण्यात आले. त्याच वर्षी त्यांचे हिंदुस्थानातील शेती सुधारणेवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. १८८२ मध्ये ते निवृत्त होऊन सिमल्यास परतले. वय त्रेपन्न, हाती भरपूर वेळ, भोवती साठ हजारांहून अधिक पक्षी आणि दोन दशकांच्या टिपणांचे गठ्ठे. ग्रंथ पूर्ण करण्यात आता कोणताही अडथळा दिसत नव्हता.

थिऑसॉफी

याच सुमारास ह्यूम थिऑसॉफीकडे वळले होते. १८८० मध्ये मादाम ब्लाव्हाट्स्की सिमल्याला आल्या असता रॉथनी कॅसलमधील एका भोजनप्रसंगी ह्यूम यांच्या पत्नीचा हरवलेला ब्रोच बागेतील फुलझाडांच्या वाफ्यात सापडला. गूढ शक्तीचा हा पुरावा की हातचलाखी, यावर वृत्तपत्रांत बराच वाद रंगला. ह्यूम यांनी आरंभी त्यावर विश्वास ठेवला. पुढे ब्लाव्हाट्स्की यांच्याविषयी त्यांचा भ्रमनिरास झाला आणि ते संस्थेपासून दूर झाले. एक बदल मात्र टिकला. ते शाकाहारी झाले आणि नमुन्यांसाठी पक्षी मारणे त्यांनी सोडून दिले. हजारो पक्षी बंदुकीने टिपून घडलेल्या संग्रहाचा मालक या टप्प्यावर स्वतः बंदूक खाली ठेवतो, ही त्यांच्या चरित्रातील विलक्षण बाब आहे. संग्रहाविषयीची त्यांची आस्था काहीशी ओसरण्यास येथूनच सुरुवात झाली असावी.

हस्तलिखिताची चोरी

सिमल्यात हिवाळ्यात बर्फ पडे आणि बहुतेक युरोपीय रहिवासी मैदानी भागात उतरत. ह्यूमही जात. १८८४ च्या सुमारास ते असेच बाहेर असताना एका नोकराने संग्रहालय फोडले आणि आतील कागदांचे गठ्ठे चोरून बाजारात रद्दी म्हणून विकले. चोरीला गेलेल्या कागदांचे वजन कित्येक मण होते. त्यांत सुमारे ७०० जातींच्या पक्ष्यांची कमी-अधिक पूर्ण झालेली जीवनवृत्ते होती. घरट्यांविषयीची काही तपशीलवार टिपणेही त्याबरोबर गेली.

नोकराला पक्ष्यांशी किंवा मालकाच्या विद्वत्तेशी काही देणेघेणे नव्हते. त्याची निवड व्यवहाराची होती. फुलस्केपचे मोठे, पूर्ण ताव पुड्या बांधायला उपयोगी पडतात, म्हणून त्यांना किंमत येते. चिठ्ठ्या-चपाट्यांना रद्दीवाला काय देणार? त्यामुळे घाईघाईत खरडलेली बारीक टिपणे जागच्या जागी राहिली आणि त्यांवरून परिश्रमाने लिहून काढलेला पक्का मजकूर तेवढा गेला. चोरी लक्षात येईपर्यंत बरेच महिने लोटले होते. शोधाशोध केल्यावर फारच थोडी पाने परत मिळाली.

या नुकसानीचे स्वरूप समजण्यासाठी त्या काळच्या लेखनपद्धतीचा विचार करावा लागतो. हस्तलिखिताची दुसरी प्रत नव्हती. नमुने पुन्हा मिळवता आले असते, पण पंचवीस वर्षांच्या फिरतीत पाहिलेल्या सवयी, आवाज, ऋतुमानाप्रमाणे होणारे स्थलांतर यांविषयीची सुसंगत मांडणी पुन्हा करण्यासाठी तेवढीच वर्षे लागली असती. ह्यूम यांनी तो प्रयत्न केला नाही. ग्रंथाची कल्पना त्यांनी सोडून दिली.

संग्रह लंडनला

याच काळात अतिवृष्टीमुळे टेकडीची माती खचून संग्रहालयाच्या इमारतीला धोका निर्माण झाला आणि काही नमुन्यांची हानी झाली. ह्यूम यांनी आपला संपूर्ण संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला विनामूल्य देऊ केला. त्यासाठी त्यांनी घातलेल्या अटी स्वभावाला साजेशा होत्या. पक्षिविभागाचे रिचर्ड बाउडलर शार्प यांनी स्वतः सिमल्याला येऊन संग्रह तपासावा आणि बांधून न्यावा, ही एक अट. शार्प यांचा हुद्दा आणि वेतन वाढवावे, ही दुसरी. देणगी देणाऱ्याने घेणाऱ्याच्या नोकराची पगारवाढ मागावी, असे उदाहरण सहसा आढळत नाही. संग्रहालयाने सुरुवातीस चालढकल केली, परंतु पुढील पावसाळ्यात संग्रहच वाहून जाईल अशी भीती निर्माण झाल्यावर १८८५ मध्ये शार्प सिमल्यास दाखल झाले.

तत्पूर्वी किड्यांनी पोखरलेले सुमारे २०,००० नमुने ह्यूम यांनी स्वतः नष्ट केले होते. कातडी खाणाऱ्या भुंगेऱ्यांचा उपद्रव एका कपाटातून दुसऱ्यात पसरतो, म्हणून हे करणे भाग होते. उरलेले सुमारे ८२,००० नमुने ४७ पेट्यांमध्ये भरण्यात आले. एकेका पेटीचे वजन अर्ध्या टनाच्या घरात होते. घाटरस्त्याने त्या मैदानात उतरवून पुढे बंदरापर्यंत नेण्यात आल्या. लंडनमध्ये छाननी झाल्यावर ७५,५७७ नमुने संग्रहालयात दाखल झाले. नव्या जातींची वर्णने ज्यांवरून केली गेली ते अनेक प्ररूप नमुने त्यांत होते. आशियाई पक्ष्यांचा इतका मोठा संग्रह त्या संस्थेस यापूर्वी एकरकमी कधी मिळाला नव्हता.

नोकराने मागे टाकलेल्या चिठ्ठ्याही वाया गेल्या नाहीत. बर्मामध्ये अभियंता असलेले पक्षितज्ज्ञ यूजीन ओट्स यांच्याकडे ह्यूम यांनी शिल्लक सर्व कागद सोपवले. त्यांवरून ओट्स यांनी 'नेस्ट्स अँड एग्ज'ची सुधारित आवृत्ती १८८९-९० मध्ये तीन खंडांत सिद्ध केली. चोरीची हकिकत ह्यूम यांनी तिच्या प्रस्तावनेत थोडक्यात आणि कोरड्या स्वरात सांगितली आहे. 'स्ट्रे फेदर्स'चा अकरावा खंड १८८८ मध्ये निघाला आणि नियतकालिक थांबले.

राष्ट्रीय सभा

१ मार्च १८८३ रोजी ह्यूम यांनी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधरांना उद्देशून पत्र लिहिले आणि देशकार्यासाठी संघटित होण्याचे आवाहन केले. पुढील दोन वर्षांत देशभरातील पुढाऱ्यांशी त्यांनी संपर्क साधला. दूरच्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांना पत्रांद्वारे एका कामाला जुंपण्याची सवय त्यांना 'स्ट्रे फेदर्स'मुळे आधीपासूनच होती. पहिले अधिवेशन पुण्यात भरायचे होते. तेथे पटकीची साथ उद्भवल्याने ते ऐनवेळी मुंबईस हलवावे लागले. गोवालिया टँकजवळील गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालयात २८ डिसेंबर १८८५ रोजी व्योमेशचंद्र बॅनर्जी यांच्या अध्यक्षतेखाली ७२ प्रतिनिधींचे अधिवेशन सुरू झाले. त्यानंतर दीर्घकाळ ह्यूम सभेचे सरचिटणीस होते. त्यांच्या राजकीय हेतूंविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. त्याची चर्चा राष्ट्रीय सभेच्या इतिहासाचा भाग आहे.

अखेरची वर्षे

१८९० मध्ये पत्नीचे निधन झाले. १८९४ मध्ये ह्यूम यांनी हिंदुस्थान सोडला आणि लंडनच्या दक्षिण भागात राहू लागले. तेथे त्यांनी वनस्पतिशास्त्राचा ध्यास घेतला. पूर्वी पक्ष्यांसाठी केलेली सर्व शिस्त, म्हणजे नमुने, चिठ्ठ्या, पत्रव्यवहार, पगारी साहाय्यक, त्यांनी आता इंग्लंडमधील रानफुलांना लावली. १९१० मध्ये त्यांनी साउथ लंडन बोटॅनिकल इन्स्टिट्यूट स्थापन केली आणि आपला वनस्पतिसंग्रह तिला दिला. ही संस्था आजही चालू आहे. ३१ जुलै १९१२ रोजी त्यांचे निधन झाले. मुंबई इलाख्यात सनदी सेवा केलेले त्यांचे सहकारी विल्यम वेडरबर्न यांनी पुढील वर्षी त्यांचे चरित्र लिहिले. भारतीय टपाल खात्याने १९७३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

ह्यूम यांच्या दोन पक्ष्यांचा पुनर्शोध

रामपूरजवळचा तो मोठ्या चोचीचा वटवट्या शतकाहून अधिक काळ लंडनच्या, आणि पुढे पक्षिविभाग हलल्यावर ट्रिंगच्या, कप्प्यात एकटाच पडून होता. २००२ मध्ये त्याच्या डीएनएची तपासणी प्रसिद्ध झाली आणि ह्यूम यांनी ओळखलेली जाती खरोखरच वेगळी असल्याचे सिद्ध झाले. २७ मार्च २००६ रोजी थायलंडमध्ये फिलिप राउंड यांना एका सांडपाणी शुद्धीकरण केंद्राजवळ, कडी घालण्यासाठी पकडलेल्या पक्ष्यांत एक वेगळा वटवट्या दिसला. त्याच्या पिसांतील डीएनए ह्यूम यांच्या नमुन्याशी जुळला. त्यानंतर जुन्या कप्प्यांत शोध घेता, दुसऱ्या जातीच्या नावाखाली ठेवलेले या जातीचे आणखी नमुने सापडले. काही वर्षांतच अफगाणिस्तानच्या वाखान भागात त्याची वीण होत असल्याचेही निश्चित झाले.

दुसरी कथा महाराष्ट्रातील आहे. १८७२ च्या डिसेंबरात एफ. आर. ब्लेविट यांच्याकडून आजच्या छत्तीसगडमधील फुलझर भागातून ह्यूम यांना एक ठेंगणे, जाड पायांचे घुबड मिळाले. १८७३ मध्ये त्यांनी ब्लेविट यांच्या नावाने त्याचे वर्णन केले. हाच रानपिंगळा. पुढील दहा-बारा वर्षांत खानदेशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी तळोदा-शहादा भागातून त्याचे आणखी काही नमुने मिळवले. १८८४ नंतर त्याचा एकच नमुना उपलब्ध होता. ब्रिटिश लष्करी अधिकारी रिचर्ड माइनर्त्झहागेन यांनी तो १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवीजवळ मिळाल्याचे लिहिले होते. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासह अनेकांनी रानपिंगळ्याचा शोध घेतला. तो मिळाला नाही आणि ही जाती नामशेष झाली असावी असे मानले जाऊ लागले.

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी उपलब्ध नमुने एकेक करून तपासले. माइनर्त्झहागेन यांचा नमुना मुळात डेव्हिडसन यांनीच मिळवलेला होता. तो ब्रिटिश म्युझियममधून चोरून, उसवून पुन्हा शिवला होता आणि त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. गुजरातेतील नोंद अशा रीतीने बाद झाली. आता विश्वास ठेवण्याजोगी ठिकाणे उरली ती एकोणिसाव्या शतकातील चिठ्ठ्यांवरची. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी प्रथम पूर्वेकडील जुनी ठिकाणे धुंडाळली. तेथील जंगल बहुतांश तुटलेले होते. मग ते खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळच्या सातपुड्यात एका निष्पर्ण झाडावर, भर उजेडात, रानपिंगळा बसलेला दिसला. शेवटच्या खऱ्या नमुन्यानंतर ११३ वर्षे लोटली होती.

त्यानंतर मेळघाटात रानपिंगळ्याची चांगली संख्या आढळली आणि २०१४ मध्ये मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही तो दिसला.